डब्याबरोबर पिशवी : घरातून निघतानाच्या एका सवयीचा आढावा

सुरत जिल्ह्यातल्या पलसाण्याच्या चौफुलीवर दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. एक मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा, दुसरा हजिऱ्याहून निघून नवापूर, धुळे करत नागपूरकडे जाणारा. या दुसऱ्या रस्त्याने आणि उधना-जळगाव रेल्वेमार्गाने खानदेशातली माणसे कित्येक दशके पोटापाण्यासाठी सुरतेकडे येत राहिली. सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत मराठी आणि अहिराणी सर्रास कानावर पडते ती त्यामुळेच. कापड रंगवणाऱ्या आणि छापणाऱ्या मिल शहराबाहेर पसरल्या, तशी ही वस्ती कडोदरा, चलथाण, पलसाणा या पट्ट्यातही आली. इथल्या कामाच्या पाळ्या बहुतेक बारा तासांच्या.

पाळी सुटल्यावर फाटकाबाहेर पडणाऱ्या कामगाराकडे नीट पाहिले, तर त्याच्या हातात किंवा गाडीच्या हँडलला जेवणाचा डबा असतोच. मग तो भाजीच्या लारीपाशी, म्हणजे हातगाडीपाशी थांबतो, आणि तिथून पुढे डब्याच्या शेजारी दोन-तीन पातळ झबला पिशव्या लोंबायला लागतात. माणूस तोच, घर तेच, निघायची वेळही तीच. तरी त्याला डबा आठवतो आणि पिशवी आठवत नाही. निघताना पिशवी, बाटली, डबा सोबत ठेवा, हा उपदेश आपण वर्षानुवर्षे ऐकतो आहोत. तो अंगी का लागत नाही आणि कसा लागेल, याचे उत्तर मला या फरकात दिसते. डबा लक्षात राहावा म्हणून घरात सगळी व्यवस्था असते. पिशवीसाठी कसलीच नसते.

पूर्वी काय होते

सोबत वस्तू नेण्याची रीत आपल्याला कोणी बाहेरून शिकवलेली नाही. प्रवासाला निघताना फिरकीचा तांब्या, खांद्यावर पडशी, फडक्यात बांधलेली शिदोरी हे मराठी घरांत गृहीतच होते. पंढरीच्या वाटेवरचा वारकरी आजही आपले ताट-तांब्या घेऊन निघतो. गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) आयुष्यभर मातीचे एक गाडगे जवळ बाळगले. त्यातच जेवण, त्यातच पाणी. मुंबईत १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली डबेवाल्यांची व्यवस्था तर पुनर्वापरावरच उभी आहे. भरलेला डबा जातो आणि रिकामा घरी परत येतो. आरेच्या दुधाच्या काचेच्या बाटल्या, गोटी सोड्याच्या बाटल्या, वाण्याकडे नेलेला तेलाचा डबा, सगळ्यांचा हिशेब हाच.

सुरत जिल्ह्यात याचे जिवंत उदाहरण दूध मंडळीवर रोज दोनदा दिसते. सुमुल ही जिल्ह्याची सहकारी दूध संस्था १९५१ ची. गावागावांतल्या मंडळ्यांवर सकाळ-संध्याकाळ माणसे घरची बरणी घेऊन जातात, दूध घालतात आणि रिकामी बरणी घेऊन परततात. बरणी कोणी विसरत नाही, कारण बरणीशिवाय दूध घालताच येत नाही. तेच दूध शहरात विकले जाते तेव्हा मात्र प्लास्टिकच्या पाउचमधून जाते आणि परत काही येत नाही.

आणखी एक वर्ग इथे दर हंगामात येतो, तो ऊसतोड कामगारांचा. बारडोली-चलथाण भागातल्या साखर कारखान्यांसाठी डांग, धुळे, नंदुरबारकडून आदिवासी जोड्या कोयता घेऊन येतात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी त्यांच्या हलाखीचा अभ्यास १९७० च्या दशकापासून केला. ही माणसे भांडी, धान्य, अंथरूण, पाण्याचा हंडा असा सगळा संसार सोबत आणतात, कारण पडावावर त्यांना काहीच मिळत नाही. त्यांच्या गरजेला पर्यावरणप्रेमाचे नाव देणे अन्यायाचे होईल. पण एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते. समोर फुकट मिळायची सोय नसेल तेव्हा माणूस सोबत नेतो. आपल्या आजोबा-आजींची स्मरणशक्ती आपल्यापेक्षा चांगली होती असे नाही. त्यांच्या वाण्याकडे फुकटची पिशवी नव्हती.

कायद्याचा जिना

फुकटची पिशवी आली आणि तिच्यामागोमाग कायदाही आला. १९९९ च्या केंद्रीय नियमांनी पिशवीची किमान जाडी २० मायक्रॉन ठरवली. २०११ मध्ये ती ४० झाली, २०१६ मध्ये ५०, ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२०. यामागचा विचार असा की जाड पिशवी महाग पडते, म्हणून दुकानदार ती वाटत सुटत नाही आणि गिऱ्हाईक ती पुन्हा वापरतो. मधल्या काळात, १ जुलै २०२२ पासून, प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ, मिठाईच्या खोक्यावरचे पातळ वेष्टन अशा एकदा वापरून टाकायच्या वस्तूंवर देशभर बंदी आली.

महाराष्ट्र त्याआधीच पुढे गेला होता. २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या महापुरात तुंबलेल्या गटारांनी प्लास्टिकच्या पिशव्यांकडे बोट दाखवले. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्यात पिशव्या आणि थर्माकोलवर व्यापक बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० आणि कैद. सुरुवातीचे काही महिने भाजीबाजारात कापडी पिशव्या खरोखर दिसू लागल्या, बचत गटांच्या शिलाई यंत्रांना काम मिळाले. मग सवलती आल्या, तपासणी सैल झाली. बंदी घातलेला माल गुजरातेतून येतो, अशी तक्रार महाराष्ट्राचे मंत्री जाहीरपणे करत होते. नवापूर स्टेशनचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे; अशा सरहद्दीवर एका बाजूची बंदी दुसऱ्या बाजूच्या ढिलाईने पोखरली जाणारच. म्हणून २०२२ चे देशव्यापी नियम महत्त्वाचे होते. तरी आजही लारीवर पातळ पिशवी सहज मिळते, हे कोणी नाकारणार नाही.

कायदा पिशवी किती जाड असावी ते ठरवू शकतो. माणूस घरातून काय घेऊन निघेल, ते त्याला ठरवता येत नाही. त्या ठिकाणी किंमत काम करते, आणि आपल्याकडे नेमका हाच धागा मध्ये तुटला. २०११ च्या नियमांत दुकानदाराने पिशवी फुकट देऊ नये अशी तरतूद होती. २०१६ च्या नियमांत पिशव्या देणाऱ्या दुकानदाराने स्थानिक संस्थेकडे नोंदणी करून महिन्याला किमान ४,००० रुपये भरावेत असे म्हटले होते. मार्च २०१८ मधल्या दुरुस्तीने ते कलमच वगळले गेले.

किंमत लावल्यावर काय होते

जगाचा अनुभव इथे बऱ्यापैकी एकमुखी आहे. आयर्लंडने मार्च २००२ मध्ये दर पिशवीवर १५ सेंट आकार लावला. आधी तिथे माणशी वर्षाला सुमारे ३२८ पिशव्या वापरल्या जात; तो आकडा थोड्याच काळात २१ वर आला. वेल्सने २०११ मध्ये ५ पेन्स आकारायला सुरुवात केली, इंग्लंडने ऑक्टोबर २०१५ मध्ये. तिथल्या मोठ्या सुपरमार्केटांतली पिशव्यांची विक्री नव्वद टक्क्यांहून जास्त घसरली. ५ पेन्सने कोणी गरीब होत नाही. फरक इतकाच पडला की गल्ल्यावर 'पिशवी हवी का?' हा प्रश्न विचारला जाऊ लागला, आणि नकार द्यायला एक क्षण मिळाला.

अमेरिकेत राजधानी वॉशिंग्टनच्या परिसरात तातियाना होमोनॉफ यांनी केलेला अभ्यास आपल्या दुकानदारांनी मुद्दाम लक्षात घ्यावा असा आहे. पिशवी घेणाऱ्याकडून ५ सेंट घेतले तेव्हा पिशव्या घेणाऱ्यांचे प्रमाण झपाट्याने घटले. स्वतःची पिशवी आणणाऱ्याला ५ सेंट बक्षीस दिले तेव्हा मात्र जवळजवळ काहीच बदलले नाही. रक्कम सारखीच, पण खिशातून जाणारे पैसे जिव्हारी लागतात आणि मिळणारे नजरेआड होतात. आपल्याकडे पिशवी आणणाऱ्याला सवलत देण्याच्या योजना मोठ्या हौसेने जाहीर होतात आणि विरून जातात, त्याचे एक कारण हे असावे.

सावधगिरीचा इशाराही आहे. कॅलिफोर्नियातल्या बंदीनंतर कचऱ्याच्या डब्यात घालायच्या पिशव्यांची विक्री वाढली आणि वाचलेल्या प्लास्टिकपैकी तीन दशांशाच्या आसपास त्या वाटेने परत आले, असे रिबेका टेलर यांच्या अभ्यासात दिसले. आपल्या घरांतही झबला पिशवीचे शेवटचे काम ओला कचरा बांधणे हेच असते. ओल्या कचऱ्याची वेगळी सोय केली नाही, तर पिशवी एका दाराने जाईल आणि दुसऱ्याने येईल.

कोणती पिशवी

कापडी म्हणजे चांगली, इतके हे सोपे नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार हवामानबदलाच्या हिशेबाने नवी सुती पिशवी १३१ वेळा वापरली, तेव्हा ती एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. कापसाला पाणी, खत, जमीन लागते आणि कापड रंगवताना सांडपाणी निर्माण होते, हे पलसाण्यात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. मिंढोळा नदीच्या काठच्या गावांनी ते जवळून पाहिले आहे. म्हणून समारंभात वाटल्या जाणाऱ्या, कपाटात साठत जाणाऱ्या नव्या कोऱ्या पिशव्या हा उपाय नव्हे. घरात दहा पिशव्या पडून असणे आणि एक पिशवी रोज बाहेर जाणे, यांत दुसरीच गोष्ट कामाची.

सुरतेच्या आसपास मात्र यावर हाताशी उत्तर आहे. इथे जुन्या साड्या आणि कटपीस यांना तोटा नाही. आधीच विणलेल्या, रंगवलेल्या कापडाची पिशवी शिवली, तर नव्याने खर्च होतो तो दोऱ्याचा आणि शिलाईचा. सुरती साडी बहुतेक पॉलिएस्टरची. धुताना तिचे बारीक तंतू पाण्यात जातात हा तिचा दोष खरा. पण ती हलकी असते, चटकन वाळते आणि घडी केली की मुठीत मावते. खिशात राहायच्या पिशवीला आणखी काय हवे?

शिवणाऱ्याला इथे थोडी अक्कल वापरावी लागते. जॉर्जेटसारखे कापड शिवणीपाशी उसवते, म्हणून ते दुहेरी घ्यावे. बंदांसाठी साडीचा काठ चौपदरी दुमडावा, कारण काठाची वीण घट्ट असते. बंद पिशवीला जोडताना नुसती सरळ टीप मारून भागत नाही. चौकोनी टीप आणि तिच्यात फुली मारली तर तीन-चार किलो बटाटे सहज पेलतात. तळाचे दोन्ही कोपरे त्रिकोणी शिवले की पिशवीला बूड येते आणि टोमॅटो चेंगरत नाहीत. आतल्या बाजूला लहानसा खिसा लावला तर पिशवी त्याच खिशात कोंबून बंद होते. ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण घडी न होणारी पिशवी घरीच राहते.

बाटली, पेला, डबा

पाण्याच्या बाटलीची अडचण वेगळी. बाटली नेणे सोपे, ती पुन्हा भरायला जागा हवी. रंगाईच्या खात्यात उकाडा असतो आणि पाणी भरपूर लागते. जिथे पाण्याचा जार किंवा कूलर आहे तिथे माणूस बाटली आपसूक आणतो. जिथे नाही तिथे विकतची बाटली किंवा पाउच. आपल्याकडे पाणपोई आणि गुजरातेत परब ही जुनी धर्मादाय रीत आहे. महामार्गाच्या चौफुलीवर, रिक्षा आणि बसच्या थांब्यावर, स्वच्छ आणि रोज धुतली जाणारी पाणपोई असेल तर बाटली नेणाऱ्याचा हुरूप टिकतो. सिक्कीमने १ जानेवारी २०२२ पासून लहान बाटल्यांतल्या पाण्यावर बंदी आणली, ती निसर्गातल्या पाण्याच्या भरवशावर. मैदानी औद्योगिक पट्ट्यात तो भरवसा माणसांना उभारावा लागेल.

चहाचा कागदी कप ही तर फसवी सुटका आहे. कागद आहे म्हणून आपण निर्धास्त असतो, पण त्याच्या आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी अशा कपात गरम पाणी पंधरा मिनिटे ठेवले, तेव्हा १०० मिलिलिटरमध्ये सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिक कण सापडले. दिवसात तीन-चार वेळा चहा पिणाऱ्या कामगाराने हे ऐकायला हवे. यावर प्रत्येकाने खिशात पेला बाळगावा असे मी म्हणणार नाही. चहाच्या लारीवर काचेचे ग्लास आणि ते धुवायला पाणी असेल, तर प्रश्न तिथेच मिटतो. मिलच्या आत मात्र स्वतःचा स्टीलचा पेला डब्याबरोबर राहू शकतो.

खाण्याचे पार्सल हा सर्वांत दुर्लक्षित भाग. गरम डाळ, रस्सा, भाजी पातळ पिशवीत बांधून मिळते, आणि ती पिशवी एकदा तेलकट झाली की भंगारवालाही घेत नाही. रिकामा डबा हातात असताना ते पार्सल त्यातच का घेऊ नये? दुपारी जेवून विसळलेला डबा संध्याकाळी घरी जाताना रिकामाच असतो. ही सर्वांत सोपी सुरुवात आहे आणि तिला एक रुपयाही लागत नाही.

सवय कशी बसते

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागलेले दिसले. कोणाला १८, तर कोणाला २५४ पर्यंत लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडत नाही, हाही त्यातला दिलासा. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी दाखवले की 'मी पिशवी नेईन' या निश्चयापेक्षा 'डबा उचलला की पिशवी त्यावर ठेवीन' असा जोडून केलेला निश्चय कितीतरी जास्त टिकतो. नव्या गोष्टीला जुन्या, न चुकणाऱ्या गोष्टीचे बोट धरायला द्यायचे.

पलसाण्याच्या पट्ट्यात ही न चुकणारी गोष्ट म्हणजे डबा. पिशवीला खुंटीवर वेगळी जागा देण्यापेक्षा ती डब्याच्या पिशवीतच घडी करून ठेवावी. भाजी घरी आली की रिकामी पिशवी लगेच तिथेच परत जावी. धुवायची असेल तेव्हा तिच्या जागी दुसरी. ज्यांच्याकडे डबा नसतो त्यांच्यासाठी गाडीची डिकी. पूर्वी पुरुष निदान पाकीट घेऊन निघत. आता मोबाईलवर पैसे देता येतात म्हणून ते रिकाम्या हातानेच बाहेर पडतात. त्यांच्या बाबतीत पिशवी माणसाला न सोपवता गाडीला सोपवलेली बरी.

दुसरी कसोटी लारीवर असते, आणि ती दोन-तीन सेकंदांत संपते. भाजीवाल्याचा हात सवयीने झबल्याच्या जुडीकडे जातो, पारड्यातला माल सरळ तिच्यात पडतो, वर मिरची-कोथिंबीर येते. आपण बोलेपर्यंत पिशवी वापरली गेलेली असते आणि मग 'राहू द्या' म्हणणे जिवावर येते. म्हणून भाव विचारायच्या आधी पिशवी उघडून पुढे करावी. 'थैली आहे माझ्याकडे' हे वाक्य पहिले, बाकीचे नंतर. रोजच्या भाजीवाल्याला आठवड्याभरात ते पाठ होते. पुढे तोच आपली पिशवी मागून घेतो.

एक गोष्ट इथे स्पष्ट म्हणायला हवी. सवय घराची म्हणतात, पण डबा भरणे, पिशवी धुणे, ती घडी करून ठेवणे हे काम बहुतेक घरांत बाईच्या वाट्याला येते, आणि ती स्वतःही मिलमध्ये किंवा साडीवर टिकली-खडे लावायच्या कामात असते. पिशवी विसरली म्हणून बोलणे तिनेच खायचे, हे चालणार नाही. डबा घासणाऱ्याने पिशवी ठेवावी आणि भाजी आणणाऱ्याने ती परत जागेवर ठेवावी, एवढी वाटणी झाली तर सवय टिकेल.

पलसाण्याला काय करता येईल

सुरतेच्या लोकांना हे अशक्य वाटू नये. १९९४ च्या प्लेगनंतर बदनाम झालेले हे शहर महापालिका आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात सावरले आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरच्या बरोबरीने देशात पहिले आले. ते झाले ते रोजच्या व्यवस्थेमुळे. केवळ आवाहनांनी झाले नसते. शहराने केले ते शेजारच्या तालुक्याला जमू शकते.

मिलमालकांनी दोन गोष्टी कराव्यात: प्रत्येक खात्यात पिण्याच्या पाण्याची पक्की सोय, आणि कॅन्टीनमध्ये कागदी कपांच्या जागी धुता येणारे पेले. कटपीस भंगारात जाण्याआधी त्यातला काही भाग महिलांच्या बचत गटांना शिवायला द्यावा. ग्रामपंचायती आणि नगरपालिकांनी बाजारात पिशवीला एकच किंमत ठरवून ती सर्वांकडून घेतली जाईल हे पाहावे. एकटा भाजीवाला पैसे मागू लागला तर गिऱ्हाईक शेजारच्या लारीवर जाते. सगळ्यांनी मागितले तर कोणाचेच नुकसान होत नाही. तमिळनाडूने डिसेंबर २०२१ मध्ये पिवळ्या कापडी पिशवीची मोहीम सुरू केली, तिचे बळ त्या पिशवीच्या ओळखीत होते. तिथल्या लोकांनी ती लग्नघरांतून वर्षानुवर्षे पाहिली होती. इथे ती ओळख साडीच्या काठाच्या पिशवीला मिळू शकेल.

घराघरांत यातले काहीही होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. दंड, दर, पाणपोई या गोष्टींना वेळ लागेल आणि त्या मागत राहायला हव्यात. पण ज्या घरातून रोज डबा निघतो त्या घरात सवय अर्धी बसलेली आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी नवी शिस्त, नवी वस्तू, नवा संकल्प यांपैकी काही लागत नाही. डबा भरला की त्यावर पिशवी ठेवायची, एवढे काम अंगवळणी पडेपर्यंत, सरासरी ६६ दिवस, नेटाने केले, तर पुढे ते आठवावे लागणार नाही.